धोका कोणापासून?

जून उलटून सह्याद्रीच्या माथ्यावर ढग उतरू लागले, की आपल्या वृत्तपत्रांतून दरवर्षी न चुकता एक वाद सुरू होतो आणि गणपती येईपर्यंत तितक्याच नेमाने विस्मरणात जातो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण, त्यांत लहान मुलेही, पाण्याच्या लोंढ्याबरोबर वाहून गेले, तेव्हा त्या घटनेने साऱ्या महाराष्ट्राच्या काळजाचा ठोका चुकला; जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून प्रतिबंधात्मक हुकूम निघाले, धबधब्यांच्या वाटांवर बंदोबस्त बसला, आणि मुलांना घराबाहेरच्या निसर्गात न्यावे की नेऊ नये, नेले तर कोणत्या अटींवर न्यावे, ह्याविषयी ज्याला जे सुचले ते त्याने लिहिले. त्या लेखनातील कळकळीविषयी मला शंका नाही. परंतु इतक्या लेखांतून आणि पत्रव्यवहारांतून जो प्रश्न एकदाही विचारला गेला नाही, तो मला त्या साऱ्या वादाचा गाभा वाटतो, आणि तो न विचारल्यामुळेच हा वाद दरवर्षी जिथल्या तिथे फिरतो, अशी माझी समजूत झाली आहे.

मुलांना बाहेर नेऊच नये, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याची तसदी मी घेत नाही. पाणी कधी न पाहिलेला मुलगा पाण्यापासून सुरक्षित असतो, हे विधान फक्त तो घरात आहे तोवरच खरे असते. हल्लीची मुले नाजूक झाली आहेत, त्यांना चार ठेचा लागू द्या, असे म्हणणाऱ्यांविषयीही अधिक लिहिण्याजोगे काही नाही, कारण ठेच आणि कडा ह्यांतील फरक त्यांनी ध्यानात घेतलेला दिसत नाही. भ्रमणध्वनीवर नकाशा आणि हवामानाचा इशारा मिळाला म्हणजे काम झाले असे मानणारा एक तिसरा वर्ग आहे. त्याला मी त्याच्या यंत्राच्या हवाली करतो.

मात्र एक मत असे आहे, की जे मला सहजासहजी बाजूला सारता येत नाही, आणि ज्याच्याशी मी मनातल्या मनात पुष्कळ काळ भांडत आलो आहे. ते मत वयोवृद्धांचे आहे. बहुधा संस्थानी वातावरणात, वनखात्याच्या वा लष्कराच्या चाकरीत, किंवा कोकणातील आणि विदर्भातील रानालगतच्या गावांत ज्यांचे बालपण गेले, त्यांचे आहे. ते म्हणतात, की आम्हाला रान शिकवले ते शिकारीने. आजोबांच्या वा काकांच्या मागून, बोलायची परवानगी नसताना, वाऱ्याची दिशा बघत, पाचोळ्यावर पाय न वाजवता चालताना आम्ही जे शिकलो, ते कोणत्याही शिबिरात शिकविता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली मुभाही काढून घेतली, हे प्राण्यांसाठी आवश्यक असेलही, पण त्या दिवसापासून आपल्या नातवंडांचा रानाशी असलेला खरा संबंध तुटला आणि तिथे सहल नावाची वस्तू आली. ह्या मताचा पुरस्कार करणारी माणसे पोकळ नाहीत. त्यांनी जे पाहिले ते खरोखर पाहिले आहे, आणि म्हणूनच त्यांनी त्यातून जो निष्कर्ष काढला तो तपासून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम त्यांच्या म्हणण्यातील सत्यांश मोकळेपणाने मान्य करतो, आणि त्यासाठी जिथे ही परंपरा आजही कायद्याने, उघडपणे आणि पिढ्यानुपिढ्या चालू आहे अशा देशाकडे, म्हणजे अमेरिकेकडे, वळतो. पेनसिल्व्हानियासारख्या राज्यात नोव्हेंबरच्या अखेरीस हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो, तेव्हा ग्रामीण भागातील अनेक शाळांना सुटी देण्याची प्रथा आहे, आणि त्या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडे हिवाळ्यात जाऊन राहणाऱ्या आजी-आजोबांना, शेजारचा आजोबा भगव्या रंगाचे भडक जाकीट घातलेल्या नातवाला पहाटे गाडीत बसवून रानाकडे नेताना पाहून धक्का बसतो. आपल्या संस्कारांना तो धक्का बसणे स्वाभाविक आहे. पण त्या नातवाने, सामान्यतः, पहिला परवाना मिळविण्यापूर्वी एक अभ्यासक्रम पुरा केलेला असतो. न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये ज्याचा पाया घातला, त्या धर्तीचे शिक्षण आता तिथे सर्वत्र आहे, आणि त्याच्या मुळाशी जे नियम आहेत ते थोडक्यात असे: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे, ज्याला इजा होऊ नये त्याच्याकडे नळीचे तोंड कधीही वळू देऊ नये, बार काढण्याचा निश्चय होईपर्यंत चापाला बोट लावू नये, आणि आपला नेम कशावर आहे व त्याच्या पलीकडे काय आहे, ह्याची खात्री झाल्यावाचून गोळी सोडू नये.

हे नियम पुन्हा एकदा सावकाश वाचावेत, अशी माझी विनंती आहे. रानात जाणाऱ्या मुलाला दिलेल्या ह्या उपदेशात अस्वलाचा उल्लेख नाही, थंडीचा नाही, वाट चुकण्याचा नाही. हे सर्व विषय त्या अभ्यासक्रमात अन्यत्र येतात, आले पाहिजेत. परंतु अग्रभागी जी गोष्ट ठेवली आहे, ती मुलावर ओढवणाऱ्या संकटाची नसून मुलामुळे दुसऱ्यावर ओढवणाऱ्या संकटाची आहे. ते भगवे जाकीट घालणाऱ्याचे दुसऱ्या शिकाऱ्याच्या गोळीपासून रक्षण करते. हरणांना तो रंग माणसासारखा ठळक दिसत नाही, पण माणसाला दुरून दिसतो. म्हणजे जाकीट सांगते, तुला धोका आहे. आणि नळीचा नियम सांगतो, तुझ्यापासून धोका आहे. तिथल्या आजोबाने नातवाला दोन्ही दिले. आपण आपल्या मुलांना, शिबिरांतून, सूचनाफलकांतून आणि शासकीय पत्रकांतून, केवळ जाकीटच देत आलो आहोत.

धोका आपल्याला आणि धोका आपल्यापासून, ह्या दोन जाणिवा बाहेरून सारख्या दिसतात. दोन्हींचा परिणाम मूल जपून पाऊल टाकण्यात होतो, आणि म्हणून त्यांतील भेद सूक्ष्म, केवळ पंडिती वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यांची घडण मुळातच वेगळी आहे. पहिल्या जाणिवेत मूल हे जगाच्या मध्यभागी उभे असते आणि सर्व बाजूंनी त्याच्या दिशेने काही ना काही येत असते: पाणी, साप, दरड, बिबट्या. त्या मुलाला जे शिकवायचे ते टाळायला आणि निसटायला शिकवायचे. त्याची दृष्टी आपल्या कातडीपर्यंत येऊन थांबते. दुसऱ्या जाणिवेत मूल हे अनेक जीवांमधील एक जीव असते, त्याच्या हातून, पायातून, आवाजातून काहीतरी सतत बाहेर जात असते, आणि ते कुठपर्यंत पोचते ह्याचा अंदाज घेणे त्याचे काम असते. पहिले मूल भ्याले तर घरी बसते आणि न भ्याले तर बेफाम होते, कारण भीती गेल्यावर त्याच्यापाशी दुसरा लगाम नसतो. दुसऱ्याला लगामासाठी भीतीची गरजच लागत नाही.

कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर दिलेल्या बंदुका आजही गावोगाव आहेत, आणि निवडणूक जाहीर झाली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. माझ्या आजोबांपाशी अशी एक ठासणीची बंदूक होती. रानडुकराविषयी, त्याच्या सुळ्यांविषयी आम्हा पोरांना ते फारसे कधी बोललेले मला आठवत नाही. त्यांचा एकच प्रश्न असे, आणि बंदूक भिंतीवर टांगलेली असो वा खांद्यावर असो, तो ते अवचित विचारत: "आता हा बार सुटला, तर जाईल कुठे?" उत्तर चटकन यावे लागे. गोठा, विहिरीवरच्या बायका, पलीकडच्या परड्यात बांधलेले वासरू, ह्यांतले काही विसरले, तर पुढल्या खेपेस मागे राहावे लागे.

इथे माझे वयोवृद्ध मित्र म्हणतील, की मग आम्ही वेगळे काय म्हणतो? हाच तो संस्कार, आणि तो शिकारीनेच दिला. नेमके इथेच मला त्यांच्यापासून फारकत घ्यावी लागते. कारण शिकारीने दिलेली गोष्ट आणि शिकारीच्या सोबतीने आलेली गोष्ट ह्यांची त्यांनी सरमिसळ केली आहे.

शिकार स्वभावतःच संयम शिकवीत असती, तर ज्या घराण्यांत ती लहानपणापासून, उत्तमोत्तम हत्यारांनिशी आणि अनुभवी शिकाऱ्यांच्या देखरेखीखाली शिकविली जाई, तिथे संयमाची पराकाष्ठा दिसायला हवी होती. प्रत्यक्षात काय दिसते? भारतातील चित्त्याच्या शेवटच्या निश्चित नोंदींपैकी एक म्हणून जिचा नेहमी उल्लेख होतो, ती १९४७ ची हकिगत कोरिया संस्थानच्या महाराजांची आहे, आणि ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. रात्री मोटारीतून जाताना दिव्यांच्या झोतात तीन तरुण चित्ते एकमेकांलगत बसलेले दिसले. पहिल्या गोळीने एक पडला, आणि दुसरी गोळी दुसऱ्यातून आरपार जाऊन त्याच्यामागच्या तिसऱ्यालाही लागली. नेमाच्या पलीकडे काय आहे हे पाहावे, असे जे चार नियमांपैकी शेवटच्याचे सांगणे, त्याची याहून भीषण अवहेलना मला ठाऊक नाही. आणि ती एखाद्या अडाण्याच्या हातून झालेली नसून, शिकार हेच ज्यांच्या शिक्षणाचे एक अंग होते अशा राजपुरुषाच्या हातून झालेली आहे. ती हकिगत छापणाऱ्या संपादकांनीही आपला उद्वेग तिथेच नोंदविला होता. हे अपवादात्मक उदाहरण आहे, असे कोणी म्हणेल. संस्थानांच्या शिकारखान्यांची दप्तरे ज्यांनी चाळली असतील, त्यांनी हा आक्षेप प्रामाणिकपणे घ्यावा. एकेका मोहिमेत पडलेल्या जनावरांचे आकडे अभिमानाने मांडणारी ती दप्तरे संयमाची पाठ्यपुस्तके म्हणून वाचता येत नाहीत.

तेव्हा कॉर्बेटचे नाव पुढे येते, ते येणारच. १८७५ साली नैनीतालला जन्मलेला, काळाढुंगीच्या रानात वाढलेला हा माणूस शिकारीतून निसर्गाकडे आला, आणि आज त्याच्या नावाने एक राष्ट्रीय उद्यान आहे, ह्यापलीकडे जायची आपल्याकडच्या त्याच्या भक्तांना सहसा जरूर वाटत नाही. परंतु १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'जंगल लोअर' ह्या पुस्तकात त्याने आपल्या बालपणाविषयी जे लिहिले आहे, ते नीट वाचणाऱ्याला काय आढळते? त्याच्या हाती बंदूक येण्यापूर्वीच त्याचे कान तयार झालेले होते. पाखरांच्या हाका, भेकराचा इशारा, धुळीत उमटलेला माग हे सारे तो गलोल घेऊन हिंडण्याच्या वयातच वाचू लागला होता. पुढे त्याला जी बंदूक मिळाली, ती एक नळी फुटलेली, तारेने बांधलेली ठासणीची दुनळी होती. अशा हत्याराने मूल काय शिकेल, तर प्रथम हेच, की हे आपल्याच तोंडावर फुटू शकते आणि म्हणून प्रत्येक बार मोजून काढावा. त्याचा भाऊ टॉम आणि कुंवरसिंग नावाचा, सरकारी भाषेत ज्याला चोरटा शिकारी म्हणावे असा गावकरी, हे त्याचे गुरू. त्यांनी शिकविले ते रानात वागावे कसे, हे. मारणे हा त्या वागण्यातील एक छोटा भाग होता, आणि कॉर्बेटने तो पुढे कॅमेऱ्याकरिता बराचसा सोडून दिल्यावरही त्याचे रानाचे ज्ञान तिळभर उणे झाले नाही. जी गोष्ट काढून घेतल्यावरही ज्ञान शाबूत राहते, त्या गोष्टीला त्या ज्ञानाचे कारण मानता येत नाही.

सालिम अलींचे उदाहरण ह्याहून अधिक वेळा दिले जाते आणि अधिक चुकीच्या रीतीने दिले जाते. मुंबईतील शाळकरी मुलगा, मामा अमीरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढलेला, छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या पाडणारा. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या कंठावर पिवळा डाग दिसतो, मुलगा चौकशी करतो, मामा त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड ह्यांच्याकडे धाडतात, आणि मिलार्ड त्या पोरासमोर पक्ष्यांच्या संग्रहाचे कप्पे एकामागून एक उघडतात. कथा सुंदर आहे आणि खरी आहे. पुढेही अभ्यासासाठी सालिम अलींनी पक्षी मारले, हेही लपविण्याचे कारण नाही. त्या काळी पक्षिशास्त्राची रीतच ती होती. परंतु त्या काळात छर्ऱ्याची बंदूक हाती असलेली किती मुले ह्या देशात होती, आणि त्यांतून सालिम अली किती निपजले? बंदूक सर्वांपाशी होती. मिलार्ड एकालाच भेटले. ज्या वडिलधाऱ्याने मेलेली चिमणी पाहून तिला कोंबडीच्या भावाने न मोजता मुलाच्या प्रश्नाला दाद दिली, आणि ज्या परक्या गृहस्थाने कामाच्या वेळात एका पोराकरिता आपले कपाट उघडले, त्या दोघांचे श्रेय आपण शिकारीच्या खात्यावर जमा करतो, ही हिशेबातली मोठी अफरातफर आहे. व्यंकटेश माडगूळकरांचा प्रवासही असाच वाचावा. बंदुकीची हौस असलेल्या ह्या लेखकाला रान उलगडले ते नागझिऱ्याला नुसते बसून पाहताना, आणि 'सत्तांतर'सारखी कृती नेम धरणाऱ्या डोळ्यांतून उतरू शकत नाही.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत भारी मुद्दा घेतो; तो मला मित्रांकडून तोंडी ऐकावा लागला आहे, आणि त्याला उत्तर देताना माझी स्वतःची झोप उडालेली आहे. ते म्हणतात: तुझा तो भेद आम्हाला मान्य आहे, पण आपल्यापासून धोका आहे ही जाणीव मुलाच्या मनात उतरणार कशी? ती उपदेशाने उतरत नाही. ज्या क्षणी मुलाच्या बोटाने एक जीव जातो, आणि तो परत आणता येत नाही हे त्याला समोर दिसते, त्याच क्षणी ती जाणीव हाडात शिरते. शिवाय जखमी सावज सोडून परतायचे नाही, रक्ताचा माग काढत, रात्र झाली तरी, त्याच्यापर्यंत पोचायचे आणि त्याची यातना संपवायची, हा शिकाऱ्याचा जो धर्म, तो तू कुठल्या शिबिरात शिकविणार आहेस?

जखमी सावजाचा माग हा शिकारीच्या नीतीतील सर्वांत उदात्त भाग आहे, हे मी मानतो. आपल्या कृतीचा परिणाम जिथवर गेला असेल तिथवर आपण स्वतः चालत गेले पाहिजे, ह्याहून मोठी शिकवण एखाद्या मुलाला देता येईल असे मला वाटत नाही. परंतु प्रतिपक्षाने एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि ती सिद्ध केलेली नाही: ती म्हणजे, अपरिवर्तनीयता केवळ मृत्यूतच असते. गोळी सुटली की परत येत नाही, हे खरे. मग ती हरणाला लागो की मातीच्या बांधात शिरो, सुटण्याच्या क्षणाचे गांभीर्य तेच असते. नेमबाजीच्या मैदानावर हे रोज शिकविले जाते. कोल्हापूर आणि त्याच्या आसपासच्या गावांनी गेल्या काही वर्षांत तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे असे नेमबाज दिले. जिथल्या छत्रपतींच्या पदरी एके काळी काळविटांच्या शिकारीसाठी पाळलेले चित्ते होते, त्याच कोल्हापुरातून हे नेमबाज निघाले आहेत; त्यांना बंदुकीची शिस्त यावी म्हणून कोणा जनावराला प्राण द्यावा लागला नाही. आणि अमेरिकेतील तो नातू? त्यानेही आपले नियम वर्गात बसून, रिकाम्या बंदुकीवर, एकाही जीवावर गोळी न झाडता आत्मसात केले आणि मगच तो रानात शिरला. म्हणजे जिथे शिकार वैध आहे तिथेसुद्धा शिस्त आधी येते, मृत्यू मागून येतो. कार्याला कारणाच्या आधी जन्माला येता येत नाही, एवढे तर्कशास्त्र आपल्या न्यायसूत्रांच्या देशात कोणाला समजावून सांगावे लागू नये.

पेनसिल्व्हानियातल्या आजोबांना मी नावे ठेवीत नाही. लांडगे गेले, हरणे वाढली, कायदा आहे, हंगाम मुक्रर आहे, आणि बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा १९३७ पासून वन्यजीवांच्या रक्षणाकडे वळविण्याची तजवीज आहे. ती व्यवस्था त्या भूमीची आहे. आपल्या भूमीत तिची मागणी करणारे ज्या हिरिरीने ती करतात, त्याच हिरिरीने त्यांनी हेही आठवावे, की साहेबाची आणि सरदाराची शिकार हा इथे खेळ समजला जाई, आणि फासे लावून पोट भरणाऱ्या पारध्याच्या कपाळी त्याच साहेबाच्या सरकारने जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला होता.

मग बंदुकीवाचून ती जाणीव सह्याद्रीत रुजवायची कशी? मला वाटते, सह्याद्रीने त्याची सोय आधीच करून ठेवली आहे; पाहणारे डोळे मात्र हवेत. एखाद्या गडाची घसाऱ्याची वाट घ्या. उतरणाऱ्या मुलाला आपण सांगतो, "सांभाळ, पडशील." हे खरे आहे. पण त्याच्या टाचेखालून सुटलेला नारळाएवढा धोंडा खालच्या वळणावर कोणाच्या तरी डोक्याच्या उंचीवर पोचतो, हे त्याला कोण सांगते? ज्या मुलाला प्रथम हे दुसरे सांगितले, ते पाऊल टाकण्यापूर्वी दगड चाचपते, सुटलाच तर "दगड! दगड!" म्हणून ओरडते, आणि खालची माणसे वळणापार होईपर्यंत थांबते; असे मूल स्वतःही क्वचितच पडते. नेमाच्या पलीकडे काय आहे हे पाहण्याचा नियम इथे जसाच्या तसा लागू होतो. फरक इतकाच, की नेम ह्या ठिकाणी नकळत धरला जातो.

आग्या मोहोळाचे पाहा. किल्ल्यांच्या कड्यांना लटकलेली ही पोळी धुराने, दगडाने, कधी उग्र अत्तराच्या वासानेही उठतात, आणि एकदा उठल्यावर माशी डंख करताना जो गंध सोडते त्याने बाकीच्या माश्या खवळून धावून येतात. ज्याने शेकोटी पेटविली तो बहुधा खाली उतरून गेलेला असतो. सापडतात ते मागून येणारे, आणि त्यांत म्हातारीकोतारी असली तर त्यांना पळताही येत नाही. ह्या हल्ल्यांच्या बातम्या आपण मधमाश्यांचा हल्ला म्हणून वाचतो. मुलाला मधमाश्यांना भ्यायला शिकविणे सोपे आहे. परंतु आपण फेकलेल्या एका दगडाची किंमत तासाभराने येणारे अनोळखी कुटुंब देणार आहे, हे त्याच्या मनात उतरविणे हेच खरे गिरिभ्रमणाचे शिक्षण. फाल्गुनातल्या वाळल्या गवतावर टाकलेल्या काडीविषयी वेगळे सांगायला नको. चूल विझविल्यानंतर राखेत उघडा हात घालून ती थंड झाली आहे की नाही हे मुलाकडूनच तपासून घ्यावे, आणि नसेल तर पुन्हा पाणी आणायला त्यालाच धाडावे, मग त्यापायी मुक्कामाला उशीर झाला तरी चालेल. माझ्या मित्रांना हवा असलेला जखमी सावजाचा माग मला तिथे दिसतो.

बिबट्याच्या बाबतीत तर ह्या भेदाची किंमत आपण प्राणांनी चुकविली आहे. जुन्नरच्या उसात बिबटे दिसू लागले, तेव्हा धोका आपल्याला आहे ह्या एकाच सूत्रावर विसंबून आपण २००१ ते २००३ ह्या काळात त्यांना पिंजऱ्यांत धरले आणि दूरच्या रानांत नेऊन सोडले. पुढे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ह्या उपद्व्यापापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत, ते त्या काळात १७ वर गेले. आपल्या हालचालीने त्या जनावराचे काय होते, हा प्रश्न विचारला गेला नाही. आणि त्याचे उत्तर मिळाले ते अंगणात खेळणाऱ्या पोरांना. आजही बिबट्या दिसला की गावाच्या गाव उसाभोवती गोळा होते, पोरे पुढे, हातात दगड आणि भ्रमणध्वनी. त्या पोरांना कोणी भित्रे म्हणणार नाही. संध्याकाळी मुलांनी एकटे फिरू नये, शौचाला जाताना सोबत असावी, कंदील असावा, हे वनखात्याचे सांगणे योग्यच आहे आणि ते पाळलेच पाहिजे. पण घेरलेला बिबट्या आणि न घेरलेला बिबट्या ही दोन वेगळी जनावरे आहेत, आणि त्याला घेरणारे आपण असतो, ही गोष्ट शाळेच्या फळ्यावर कुठे लिहिलेली मी पाहिली नाही.

भुशीसारख्या दुर्घटनेला माझा हा भेद लागू पडतो का, असे कोणी विचारील, आणि विचारणे न्याय्य आहे. तिथे धोका पाण्यापासून होता. डोंगरावर वर कोसळलेल्या पावसाने खालचा ओढा क्षणात फुगतो, हे ज्ञान कोणत्याही नीतिविचाराने मिळत नाही. ते सरळ शिकवायचे असते, आणि त्या कुटुंबाच्या दुःखावर माझ्या सिद्धान्ताची इमारत उभी करण्याचा अधिकार मला नाही. एवढेच म्हणतो, की जे मूल प्रत्येक पावलाला ह्याच्या पलीकडे काय, असे विचारायला शिकले आहे, ते कातळावर उभे राहून वरच्या दरीकडेही पाहील, अशी शक्यता अधिक आहे.

शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक, प्रथमोपचार अशा आवश्यक गोष्टी आल्या, त्यांचे मी स्वागत करतो. परंतु शिबिराला जाणाऱ्या मुलाच्या पालकांकडून जे संमतिपत्र लिहून घेतले जाते, ते माझ्या डोळ्यांसमोर येते. मुलाला काही झाल्यास जबाबदारी कोणाची, ह्याच्या चार-पाच कलमांनी ते भरलेले असते. मुलाच्या हातून काही झाल्यास काय, ह्याविषयी त्यात अवाक्षरही नसते. तिथे एक कलम वाढवावे, आणि त्यावर सही पालकाची न घेता मुलाची घ्यावी, अशी माझी सूचना आहे. ती मी काही संयोजकांपुढे मांडली, तेव्हा मुले फार लहान असतात, त्यांच्यावर एवढे ओझे नको, असे उत्तर मिळाले.

हे उत्तर मला मानसशास्त्राच्या दृष्टीनेच चुकीचे वाटते. सहा-सात वर्षांच्या मुलाचा स्वतःच्या मृत्यूवर विश्वास बसत नाही. तू पडशील, तू बुडशील, हे त्याला आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाइतकेच खरे आणि तितकेच खोटे वाटते, आणि म्हणूनच ते कठड्यावर चढते. पण धाकट्या भावाला आपल्या हातून लागले, तो रडू लागला, तर तेच मूल त्याच वयात स्तब्ध होते, कोपऱ्यात जाऊन बसते, कधी रात्री न जेवता झोपते. दुसऱ्याला होणारी इजा त्याला स्वतःच्या मरणाच्या किती तरी आधी कळते. अभ्यासक्रम आखणारे नेमके उलट्या टोकाने आरंभ करतात, आणि जी जाणीव सहाव्या वर्षी आपोआप दाराशी आलेली असते, तिला दहावी-बारावीच्या नागरिकशास्त्राच्या तासापर्यंत बाहेर ताटकळत ठेवतात. शाळेच्या सहली पाचवी-सहावीत सुरू होतात. तोवर उशीर झालेला असतो. त्याआधीची वर्षे आजी-आजोबांच्या हाती असतात, आणि त्यांच्यापाशी गावाबाहेरची टेकडी, ओढा आणि दुपारचा वेळ असतो.